पाय जोरात, तरी आऊट: बेस रनिंगचा सराव कसा घ्यावा

आपल्या भागातल्या पोट्ट्यांना पळायला शिकवावं लागत नाही. वावरात शिरलेल्या बकरीमागं, सुटलेल्या एसटीमागं, खो-खोच्या मैदानात, ते पळतच असतात. पण तालुक्याच्या बेसबॉल सामन्यात हेच पोट्टे बेसवर पोचतात आणि तिथून फुकट आऊट होऊन परत येतात. मैदानाकडेला उभे असलेले म्हातारे मग विचारतात, "पयते तं लय जोरात, मंग आऊट काहून होते?"

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्स संघाला त्याचं उत्तर पैसे मोजून मिळालं. १९७४ मध्ये त्यांनी हर्ब वॉशिंग्टन नावाचा धावपटू संघात घेतला. इनडोअर स्प्रिंटमधला तो जागतिक विक्रमवीर. काम एकच, दुसऱ्या कुणाच्या जागी बेसवर उभं राहायचं आणि पळायचं. दोन हंगामांत तो १०५ सामने खेळला आणि एकदाही बॅटिंगला उभा राहिला नाही. पहिल्या वर्षी त्यानं ४५ वेळा बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढचा बेस गाठायला, धाव घेतली. २९ वेळा जमलं, १६ वेळा पकडला गेला. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये, संघ एका रननं मागं असताना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, माइक मार्शल यानं त्याला फर्स्ट बेसजवळ उभ्या उभ्या आऊट केलं. त्याच्याइतका वेग आपल्या अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही.

बेस रनिंगमध्ये खरं काम असतं ते पळायचं कधी, वळायचं कसं आणि थांबायचं कुठं हे चेंडू बघून ठरवण्याचं. आणि आपल्याकडच्या बहुतेक शाळांत बेस रनिंगचा सराव म्हणजे काय, तर उशिरा आलेल्याला "बेसभोवती पाच फेऱ्या मार" म्हणणं. त्यानं दम वाढत असेल. पण मैदानात चेंडू नाही, फिल्डर नाही, ठरवायचं काहीच नाही, मग शिकणार काय? शिक्षा म्हणून पळवलेलं पोरगं बेसचा कोपरा कुठल्या पायानं दाबायचा हे कधी बघत नाही. त्या फेऱ्या बंद केल्या तरी काही बिघडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

खेळ न बघितलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मैदानात चार कोपऱ्यांचा चौकोन असतो. होम प्लेट, फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि परत होम. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये हेच अंतर ६० फूट, १८.२९ मीटर. चारही कोपरे क्रमानं गाठून होमला आलं की एक रन. तीन आऊट झाले की बाजू बदलते.

क्रिकेटची सवय इथं पहिल्याच पावलाला आडवी येते. क्रिकेटमध्ये चेंडू मारून "नको, नको" म्हणत जागेवर उभं राहता येतं. इथं फटका रेषांच्या आत पडला की पळावंच लागतं. क्रीझ जवळ आली की आपली पोरं बॅट टेकवायला वाकतात आणि वेग मारतात, तीच सवय ती फर्स्ट बेसवर घेऊन येतात. बेसवर उभं राहायचं म्हणून दोन पावलं आधीच ब्रेक लावतात. खरं तर फर्स्टवर थांबायची गरजच नाही. बेसला पाय लावून सरळ पुढं निघून गेलं आणि लगेच परत आलं तर कुणी टॅग करून, म्हणजे चेंडूनं शिवून, आऊट करू शकत नाही. म्हणून सरावात फर्स्ट बेसच्या पुढं चार मीटरवर एक काठी रोवा आणि सांगा, शर्यत काठीपर्यंत आहे, बेस वाटेत लागतो. उडी मारून बेसवर पडायचं नाही, शेवटचं पाऊल लांबवायचंही नाही. बेस ओलांडला की छोटी पावलं टाकत वेग कमी करायचा आणि मान उजवीकडं वळवून बघायचं, कारण फर्स्ट बेसमनच्या हातून सुटलेला थ्रो बहुधा तिकडंच जातो.

याच जागी एक गैरसमज पसरलेला आहे. बेस ओलांडल्यावर डावीकडं वळलं की आऊट, असं कित्येक पोरं ठासून सांगतात. नियम तसा नाही. वळा कुठंही, पण सेकंडकडं जायचा प्रयत्न केला तर सवलत संपते आणि मग टॅग होऊ शकतो.

फटका लांब गेला तर गोष्ट वेगळी. मग फर्स्टवरून वळून सेकंडकडं जायचं असतं आणि पोरं इथं सगळ्यात जास्त वेळ घालवतात. सरळ रेषेत बेसपर्यंत येतात, काटकोनात वळायला बघतात, आणि वेगानं बाहेर फेकली जाऊन राइट फिल्डच्या दिशेनं मोठा फेरा मारतात. वेग दुप्पट झाला तर त्याच वळणावर वळायला चौपट जोर लागतो, तेवढा जोर बुटाखालच्या मातीतून मिळत नाही. पांदणीतून वावरात बंडी घालायची असली की गडी ती आधी बाहेरच्या अंगानं काढतो, नाहीतर आतलं चाक धुऱ्यावर चढतं. बेसवरही तेच करायचं. बेस पाच-सहा मीटरवर आला की रेषेच्या बाहेर, उजवीकडं, थोडं सुटायचं, मग डावा खांदा आत झुकवून बेसचा आतला कोपरा दाबायचा आणि सरळ पुढच्या बेसकडं निघायचं. डावा पाय पडला तर उत्तम. पण डावाच पडावा म्हणून पावलं अडखळवण्यापेक्षा जो येईल तो पाय टाकलेला बरा.

मैदानावर हे दाखवायला फक्की पुरते. बेसच्या आधी वळणाची एक रेघ फक्कीनं आखा आणि पोरांना तिच्यावरून पळवा. दोन दिवसांनी रेघ पुसा. त्याच पोराचा होम ते सेकंड वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर आधी सरळ पळून आणि मग वळणानं पळून घ्या, आणि आकडा त्यालाच दाखवा.

फोर्स आणि टॅग

आता खेळातला सगळ्यात गोंधळाचा भाग. कधी फिल्डरनं चेंडू घेऊन बेसवर नुसता पाय ठेवला तरी रनर आऊट होतो, आणि कधी त्याला चेंडूनं शिवावं लागतं. पोरांना नियमाचं कलम सांगू नका. एकच प्रश्न विचारायला शिकवा: माझ्या मागून कुणी ढकलतंय का?

समजा फर्स्टवर तुमचा रनर आहे आणि बॅटरनं जमिनीवरून चेंडू मारला. बॅटरला फर्स्टवर यायचंय. एका बेसवर दोघं राहू शकत नाहीत, म्हणून फर्स्टवाल्याला सेकंडकडं जावंच लागतं. हा फोर्स. सेकंडवर चेंडू आधी पोचला तर शिवायची गरज नाही, तो आऊट. आता फर्स्ट रिकामा आहे आणि रनर फक्त सेकंडवर आहे. बॅटर फर्स्टवर जाईल, सेकंडवाल्याला कुणी ढकलत नाही. तो थांबू शकतो, आणि थर्डकडं निघालाच तर त्याला शिवावं लागेल.

यात एक बारीक गाठ आहे. पहिल्याच उदाहरणात फर्स्ट बेसमननं चेंडू उचलून आधी फर्स्टवर पाय ठेवला, म्हणजे बॅटर आऊट केला, आणि मग सेकंडला थ्रो केला तर? ढकलणारा बॅटरच राहिला नाही. फोर्स संपला. आता सेकंडवरच्या फिल्डरला टॅग करावा लागेल, आणि रनर मधेच थांबून परतही फिरू शकतो. हे पोरांना पाटीवर कळत नाही. मैदानात चार जणांना उभं करून सावकाश, चालत करून दाखवलं की एका सकाळीत कळतं.

फोर्स विसरणं किती महाग पडतं याचं उदाहरण १९०८ चं आहे. २३ सप्टेंबरला न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज यांच्यात १-१ अशी बरोबरी होती. नववी इनिंग, दोन आऊट, जायंट्सचे रनर फर्स्ट आणि थर्डवर. फर्स्टवर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. बॅटरनं फटका मारला, थर्डवाला होमला आला, लोक मैदानात घुसले. सामना जिंकला असं समजून मर्कल सेकंडला पाय न लावताच वळून गेला. कब्जच्या जॉनी एव्हर्सनं चेंडू मागवून सेकंडवर पाय ठेवला. मर्कल फोर्स आऊट. तिसरा आऊट फोर्सचा असेल तर त्या खेळीतला रन धरत नाहीत, म्हणून रन गेला आणि सामना बरोबरीत सुटला. पुढं तो पुन्हा खेळवला गेला, कब्ज जिंकले आणि लीगचं विजेतेपदही त्यांनी नेलं. दुसऱ्या कुणाचा रन झाला तरी आपल्या बेसला पाय लावल्याशिवाय उड्या मारायच्या नाहीत, हे सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट माझ्याकडं नाही. पोरं ती लक्षात ठेवतात.

उंच उडालेल्या चेंडूचा हिशोबही क्रिकेटवाल्यांना जड जातो. फ्लाय झेलला गेला तर रनरला आपल्या जुन्या बेसला परत पाय लावावा लागतो. त्याआधी चेंडू तिथं पोचला तर तोही आऊट. पण झेल झाल्यावर, बेसला पाय लावलेला असेल, तर पुढं पळता येतं. म्हणून थर्डवरच्या रनरनं दोनपेक्षा कमी आऊट असताना लांब फ्लाय उडाला की बेसवर परत जाऊन, एक पाय टेकवून, शर्यतीसारखं तयार राहायचं. फर्स्टवाल्यानं मात्र अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन बघायचं, सुटला तर पुढं, झेलला तर मागं. आणि दोन आऊट आधीच झाले असतील तर विचार कसला? बॅटला चेंडू लागताच सुटायचं. झेल झाला तर इनिंग संपणारच आहे.

निघायचं कधी, यावरही सगळे अडतात. फिल्डरच्या ग्लोव्हला चेंडू पहिल्यांदा लागला की निघता येतं, तो नीट पकडेपर्यंत थांबावं लागत नाही. ग्लोव्हमध्ये नाचणाऱ्या चेंडूकडं बघत थांबलेलं पोरगं अर्धा सेकंद फुकट देतं.

जमिनीवरच्या फटक्यांसाठी सेकंडवरच्या रनरला एक ढोबळ नियम द्या. फोर्स नाही, दोनपेक्षा कमी आऊट, आणि चेंडू तुझ्या समोर, म्हणजे शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला फिल्डर) किंवा थर्ड बेसमनकडं, तर थांब. तुझ्या पाठीमागं, फर्स्ट-सेकंडच्या बाजूला, तर थर्डकडं जा. आणि सरळ तीरासारखा चेंडू कुणा फिल्डरच्या छातीकडं निघाला तर आहे तिथं गोठायचं. तो झेलला गेला आणि तुम्ही चार पावलं पुढं असाल तर परत यायला वेळच मिळत नाही.

लीड आणि चोरी

सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये आधीच काही पावलं पुढं जाऊन उभं राहता येतं, त्याला लीड म्हणतात. दोन्ही खेळ खेळणाऱ्या शाळांत पोरं याची सरमिसळ करतात, तेव्हा सरावाचे दिवसच वेगळे ठेवा.

लीड किती? पोराला बेसला हात लावून मैदानात आडवं पडायला सांगा. डोकं सेकंडकडं नाही, पाय सेकंडकडं. पाय जिथं पोचतात तिथून एक पाऊल पुढं, एवढी सुरुवातीची लीड. तिथून एका झेपेत परत येता येतं. लीड घेताना पाय एकमेकांवरून टाकायचे नाहीत, बाजूला सरकत जायचं, नजर पिचरवर. परत झेप घेताना उजव्या हातानं बेसचा मागचा कोपरा धरायचा आणि तोंड थ्रोच्या उलट बाजूला फिरवायचं. हेल्मेट सरावातही डोक्यावर हवं.

पिचर उजव्या हाताचा असेल तर त्याचे पाय बघा. डावा पाय आधी उचलला तर त्याला होमकडंच टाकावं लागतं. उजवी टाच आधी हलली तर तो फर्स्टकडं वळतोय. डावखुरा पिचर फर्स्टकडं तोंड करूनच उभा असतो, त्याच्यासमोर शाळेच्या पोरांनी लीड अर्धीच ठेवलेली बरी.

बेस चोरणं हे धाडसापेक्षा बेरजेचं काम आहे. स्टॉपवॉच घ्या. पिचर हलल्यापासून चेंडू कॅचरच्या (बॅटरमागं बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) ग्लोव्हमध्ये पडेपर्यंतचा वेळ मोजा, मग कॅचरच्या ग्लोव्हपासून सेकंडवरच्या ग्लोव्हपर्यंतचा. हा थ्रो ३८.८ मीटरचा असतो. व्यावसायिक खेळात पहिला वेळ साधारण १.३ ते १.४ सेकंद आणि दुसरा २ सेकंदांच्या आसपास. शाळेत कॅचरचा थ्रो बरेचदा टप्पा पडून येतो, तेव्हा समजा १.६ आणि २.६ भरले. बेरीज ४.२. लीडवरून सेकंडपर्यंत तुमचा रनर ४ सेकंदांत जातो? पाठवा. ४.३ लागतात? थांबवा, तो वर्गात कितीही शूर असो. आऊट होण्याचं नुकसान एक बेस मिळण्याच्या फायद्यापेक्षा मोठं असतं, म्हणून चारातून तीनदा जमत नसेल तर चोरी परवडत नाही. रिकी हेंडरसननं मेजर लीगमध्ये १,४०६ बेस चोरले, आजवर सर्वांत जास्त, आणि तोही ३३५ वेळा पकडला गेला.

चोरी करायची नसली तरी पिचरनं चेंडू टाकताच दोनदा सरकून पुढं यायचं, आणि चेंडू बॅटरपाशी पोचताना उजवा पाय टेकलेला असावा. तिथून पुढंही सुटता येतं, मागंही. ही दुसरी लीड कुणी शिकवत नाही. सेकंडवर फोर्स आऊट होणारे निम्मे रनर तिच्यामुळं वाचतील असं मला वाटतं.

स्लाइडबद्दल आधी एक ताकीद. दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यातली काळी माती उन्हाळ्यात तडकून हातभर भेगा पडतात, आणि जिथं मुरूम टाकलाय तिथं तो कातडं सोलून काढतो. अशा मैदानावर स्लाइड शिकवणं म्हणजे पोराला कायमचं घाबरवणं. पावसाळ्यात गवत असेल तर गवतावर, नाहीतर कुटार पसरून त्यावर दुहेरी ताडपत्री अंथरा आणि पाणी मारा. बूट काढून, पायमोज्यांवर. आधी जागेवर बसवून आकार दाखवा, एक पाय दुमडून दुसऱ्याच्या गुडघ्याखाली, दुसरा पुढं किंचित वाकलेला, पाठ मागं, हनुवटी छातीला. मग चालत, मग हळू पळत. उडी मारायची नाही, बसत घसरायचं, बेसच्या अडीच-तीन मीटर आधी. हात जमिनीला टेकवायची खोड सगळ्यांना असते आणि मनगट त्यातच मोडतं, म्हणून दोन्ही मुठींत गवत द्या आणि ते न सांडता बेसवर यायला सांगा. डोकं पुढं करून झेप नको. अमेरिकेतल्या लिटल लीगमध्येही १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या बेसकडं तशी झेप घ्यायला मनाई आहे. आणि बेस म्हणून खताच्या पोत्यात मुरूम भरून ठेवायची आपली पद्धत स्लाइडच्या दिवशी सोडा. रिकामं पोतं घडी करून ठेवा, पाय लागला तर सरकेल.

हे सगळं बसवायचं कधी? वेगळा तास काढू नका, मिळणार नाही. पोळ्याच्या आसपास स्पर्धेची गडबड सुरू होते, सोयाबीनच्या सोंगणीत निम्मी पोरं वावरात असतात, आणि मे महिन्यात आठनंतर मैदानात उभं राहायची सोय नाही. बॅटिंगचा सराव रोज होतोच, त्यातच तीन बेसवर तीन रनर उभे करा. प्रत्येक फटक्याला त्यांनी खऱ्यासारखा निर्णय घ्यायचा. फटका मारायच्या आधी ओरडून विचारा, "आऊट किती?" जो चुकीचं सांगेल त्याच्या जागी दुसरा. चूक झाली की खेळ थांबवून त्याच जागी विचारा, "काहून थांबला बे?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "मले वाटलं झेलला." मग विचारा, वाटलं की बघितलं?

दोन बेसच्या मधे सापडल्यावर काय करायचं हे मात्र आपली पोरं सहज शिकतात. हुलकावणी इथल्या मातीत जुनी आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं होतं. फरक दोन सांगावे लागतात. खो-खोत मागच्याला दिशा बदलता येत नाही, इथं येते. आणि टॅग चुकवताना आपल्या रेषेपासून तीन फुटांहून जास्त बाजूला गेलं की आऊट. सापडलेल्या रनरनं वाचायचा हट्ट धरू नये, फिल्डरना जास्तीत जास्त थ्रो करायला लावावेत. तेवढ्यात दुसरा रनर पुढं सरकतो, आणि शाळेच्या सामन्यात चौथा-पाचवा थ्रो बहुधा कुणाच्या तरी डोक्यावरून जातो.

राहिला थर्ड बेसजवळ उभा राहून इशारे करणारा. सेकंड ओलांडल्यावर चेंडू रनरच्या पाठीमागं असतो, मान वळवून बघितलं की वेग जातो, म्हणून त्यानं फक्त या माणसाकडं बघायचं. हात गोल फिरला तर होमला जा, दोन्ही तळहात वर आले तर थांब, तळहात जमिनीकडं दाबले तर स्लाइड. आपल्याकडं ही जागा संघात न बसलेल्या पोराला देतात. माझ्या मते तिथं संघातलं सगळ्यात चौकस डोकं हवं, आणि ते सरावातही रोज तिथंच हवं. सामन्याच्या दिवशी अचानक उभं केलं की ते पोरगं स्वतःच चेंडू बघत राहतं, आणि रनर थर्डवर येऊन त्यालाच विचारतो, "सांग नं बे, जाऊ का थांबू?"